बाळाचा केस पेपर संगणकावर जातो तेव्हा

पन्नाशीच्या माणसाच्या केस पेपरवर ‘वजन ७० किलो’ असं लिहिलं, तर ती नोंद वर्षभर चालून जाते. बाळाचं तसं नसतं. निरोगी बाळाचं जन्मवजन पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. ‘वजन ६.२ किलो’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. वय किती, मुलगा की मुलगी, बाळ दिवस भरून झालंय की आधी, हे सगळं कळलं की मग तोच आकडा कधी ‘छान चाललंय’ ठरतो, तर कधी ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवा’.

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याला वेगळं सॉफ्टवेअर का लागतं, याचं उत्तर इथेच आहे. मुलाच्या बाबतीत प्रत्येक नोंद वयाला बांधलेली असते आणि वय रोज बदलतं. बाजारात मिळणारी बरीचशी सॉफ्टवेअर मात्र हाडांच्या डॉक्टरांना, त्वचारोगतज्ज्ञांना आणि लहान मुलांच्या डॉक्टरांना एकसारखीच विकली जातात. त्यात लसींचा एक तक्ता चिकटवला की ते ‘पीडियाट्रिक’ झालं! असं सॉफ्टवेअर म्हणजे टाइप केलेला केस पेपर, त्यापलीकडे फारसं काही नाही.

या सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एका भागात मुलाची वैद्यकीय नोंद राहते: तपासणी, औषधं, लसी, ॲलर्जी, रिपोर्ट. त्याला ईएचआर म्हणतात. दुसरा भाग दवाखाना चालवण्याचा: नंबर लावणं, फी, पावत्या, लसींचा साठा, आठवणीचे मेसेज. ते झालं प्रॅक्टिस मॅनेजमेंट. मोठ्यांच्या दवाखान्यात हे दोन भाग बऱ्यापैकी सुटे राहू शकतात. मुलांच्या दवाखान्यात ते लसीपाशी एकमेकांत अडकतात, कारण एकच कुपी साठ्यातून वजा होते, बिलात येते आणि मुलाच्या नोंदीतही जाते.

आधी वाढीचं पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीची मानकं प्रसिद्ध केली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांवर ती उभी आहेत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध मिळालेली, बऱ्या परिस्थितीत वाढणारी मुलं मुद्दाम निवडली होती. त्यामुळे ‘मुलं सरासरी कशी असतात’ यापेक्षा ‘मूल नीट वाढू दिलं तर कसं वाढतं’ हे ती मानकं सांगतात. पाच ते अठरा वर्षांसाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे, म्हणजे आयएपीचे, २०१५ चे आलेख वापरले जातात. त्यामागे पुण्यातल्या जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतल्या डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मोठं काम आहे. त्या आलेखांत बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या, रेषा मोठ्यांच्या २३ आणि २७ या मर्यादांना जोडल्या आहेत, कारण भारतीयांना मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो. म्हणजे पाचवा वाढदिवस झाला की सॉफ्टवेअरने आपणहून आलेख बदलायला हवा. परदेशी पॅकेज आणून त्यावर मराठी मेनू चढवला की नेमकी हीच जागा राहून जाते.

आलेखावर जो पर्सेंटाइल दिसतो तो परीक्षेतल्या टक्क्यांसारखा वाचू नये. एकाच वयाची शंभर मुलं वजनाप्रमाणे रांगेत उभी केली, तर पंधराव्या पर्सेंटाइलचं मूल साधारण पंधराव्या जागी येईल, एवढाच त्याचा अर्थ. आई किंवा बाबा चणीने लहान असतील तर तिथे काळजीचं काही नसतंही. काळजी असते ती रेषा सोडून खाली घसरण्याची. सहा महिन्यांपूर्वी पन्नासाव्या रेषेवर असलेलं मूल आज पंधराव्यावर आलं, तर त्याचं आजचं वजन ‘नॉर्मल’मध्ये असलं तरी विचारपूस करायला हवी. ही घसरण एका भेटीत दिसत नाही, चार-पाच भेटींचे ठिपके जोडल्यावर दिसते. बाहेर तीस जण ताटकळत असताना कागदी तक्त्यावर ठिपके काढत बसणं कुठल्याच डॉक्टरला जमत नाही. संगणकाला ते क्षणात जमतं, आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरचा पहिला खरा उपयोग हाच.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळात गंमत आणखी वाढते. समजा एक मुलगा ३२ व्या आठवड्यात झाला, म्हणजे आठ आठवडे आधी. आज तो सहा महिन्यांचा आहे आणि वजन ६.२ किलो. सहा महिन्यांच्या मुलाच्या आलेखावर तो कमी वजनाच्या रेषेखाली जातो, कारण ती रेषा ६.४ किलोवर आहे. पण त्याचं वय आठ आठवड्यांनी दुरुस्त केलं, तर तो साधारण चार महिन्यांचा ठरतो. त्या वयाला तीच रेषा ५.६ वर असते, म्हणजे मूल व्यवस्थित आहे. वाढ मोजताना हे दुरुस्त वय साधारण दोन वर्षांपर्यंत धरतात. लसी मात्र जन्मतारखेपासूनच मोजायच्या, आठ आठवडे उशिरा नाही. म्हणजे एकाच मुलाची दोन वयं, आणि कुठे कुठलं वापरायचं हे सॉफ्टवेअरला ठाऊक हवं. विक्रेता डेमो द्यायला आला की त्याला हेच उदाहरण भरायला सांगावं. अगदी लहान, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वेगळे आलेख असतात. त्यांतल्या इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या आठ केंद्रांपैकी एक आपलं नागपूर होतं.

मग नावाचा प्रश्न. बाळ जन्मतं तेव्हा त्याला नाव नसतं. फाइलवर ‘बेबी ऑफ सुनीता’ असं काहीतरी पडतं, बारशानंतर नाव ठरतं, मग जन्मदाखल्यावर वेगळंच स्पेलिंग येतं. जन्मनोंदणीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. दरम्यान एकाच मुलाच्या दोन फाइली तयार झालेल्या असतात: एक ‘बेबी’ची, एक ‘आरव’ची. जन्मवेळच्या लसी पहिलीत, पुढच्या दुसरीत. दोन फाइली सुरक्षितपणे एक करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी. जुळ्यांचा घोळ तर याहून मोठा: जन्मतारीख एक, आडनाव एक, आईचा मोबाइल एक. न्यूयॉर्कमधल्या माँटेफिओर रुग्णालयाने नवजात विभागात ‘बेबीबॉय’ऐवजी आईचं नाव गुंफलेली वेगवेगळी तात्पुरती नावं द्यायला सुरुवात केली, तर चुकीच्या बाळाच्या नावावर पडणाऱ्या ऑर्डर सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नवं यंत्र नाही की नवं औषध नाही, नुसती नाव लिहायची पद्धत.

आता लसीकरण. आई-बाबांना सॉफ्टवेअरचा हाच भाग दिसतो आणि चुका होण्याची जागाही हीच.

वरवर पाहता तक्ता सोपा आहे. जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, आणि तिच्या जोडीच्या लसी. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला. असा तक्ता कुणीही एक्सेलमध्ये बनवेल. अवघड भाग सुरू होतो तो मूल तक्त्याप्रमाणे न वागल्यावर, आणि मुलं तक्त्याप्रमाणे क्वचितच वागतात. ताप येतो, मामाच्या गावी जाणं होतं, लग्नसराई निघते. पहिला पेंटाव्हॅलंट सहा आठवड्यांना घेतला आणि पुढचा थेट सातव्या महिन्यात, तर काय? मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते. झालेला डोस धरायचा आणि उरलेले किमान चार आठवड्यांच्या अंतराने द्यायचे. उलट बाजूने, डोस चार आठवड्यांच्या आतच दिला गेला तर तो नीट धरला जात नाही. कांजिण्यांची आणि एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) या दोन जिवंत लसी एकाच दिवशी देता येतात, पण त्या दिवशी दिल्या नाहीत तर मध्ये चार आठवडे जावे लागतात. रोटाव्हायरससारख्या काही लसींना वयाची वरची मर्यादा असते. चांगलं सॉफ्टवेअर हे नियम पोटात ठेवतं आणि मूल समोर आल्यावर आजच्या तारखेला काय देय आहे ते नव्याने काढतं. साधं सॉफ्टवेअर फक्त जन्मतारखेत आठवडे मिळवतं आणि अर्धा तक्ता लाल करून दाखवतं.

त्यात आपल्याकडे तक्ते दोन. एक सरकारी राष्ट्रीय वेळापत्रक, दुसरं आयएपीचं. सरकारी केंद्रात नऊ महिन्यांना गोवर-रुबेला म्हणजे एमआर मिळते आणि दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. आयएपी नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं अशी तीनदा एमएमआर सुचवते, तिच्यात गालगुंडाचीही लस असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात एमआर घेतलेलं मूल खासगी दवाखान्यात आलं आणि तिथल्या सॉफ्टवेअरला फक्त एमएमआरची ओळ ठाऊक असली, तर ‘गोवराची लस बाकी’ असा लाल इशारा येतो. आई म्हणते दिलीय, स्क्रीन म्हणते नाही. म्हणून बाहेर घेतलेली लस नोंदवायला जागा हवी, आणि ती नोंद कार्ड पाहून केली की आईच्या आठवणीवरून, हेही लिहायला जागा हवी. या दोन नोंदींची किंमत सारखी नसते.

वेळापत्रकही स्थिर नाही. पोलिओच्या टोचायच्या लसीचा, आयपीव्हीचा, तिसरा अंशतः, म्हणजे कमी मात्रेचा, डोस सरकारी वेळापत्रकात नऊ महिन्यांना आला तो २०२३ पासून. असा बदल झाला की तो सॉफ्टवेअरमध्ये कोण करतं आणि किती दिवसांत, हे घेण्याआधी विचारावं. शिवाय ज्या मुलांचं ते वय आधीच उलटून गेलं होतं, त्यांच्या आयांना भराभर ‘डोस चुकला’ असे मेसेज जाऊ नयेत, एवढी अक्कल त्यात असावी.

सरकारी लसीकरणासाठी ‘यू-विन’ हे व्यासपीठ आहे, कोविडच्या को-विनच्या धर्तीवरचं. त्याचं मोल ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहिलं की कळतं. बीड जिल्ह्यातलं बाळ सप्टेंबरअखेर जन्मलं तर त्याचे सहा, दहा आणि चौदा आठवडे नोव्हेंबर ते जानेवारीत येतात, म्हणजे ऐन गळीत हंगामात. आई-बाप पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर असतात आणि कार्ड गावाकडच्या पेटीत. नोंद ऑनलाइन असेल तर तिथल्या केंद्राला उरलेला डोस देता येतो. खासगी दवाखान्यातली नोंद मात्र यू-विनशी आपोआप जुळेल, असं गृहीत धरू नये.

औषधाच्या मात्रेकडे वळू. मोठ्यांना ‘एक गोळी सकाळ-संध्याकाळ’ पुरतं. मुलांना मात्रा किलोवर मोजतात. पॅरासिटामॉल दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५ च्या हिशोबाने १५० मिलिग्रॅम. पण आई देणार मिलिलिटर! थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ आणि तीव्र सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २५०. म्हणजे तेच १५० मिलिग्रॅम थेंबांतून दीड मिलिलिटर, साध्या सिरपमधून सहा आणि तीव्र सिरपमधून तीन. ‘सहा मिली’ लक्षात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून सहा मिली पाजलं, तर चौपट मात्रा पोटात जाते. म्हणून सॉफ्टवेअरने हिशोब मिलिग्रॅममध्ये करून चिठ्ठीवर बाटलीची तीव्रता आणि मिलिलिटर दोन्ही छापायला हवेत, शक्यतो मराठीत. मूल जाडजूड किंवा मोठं असेल तर किलोचा गुणाकार मोठ्यांच्या कमाल मात्रेपाशी थांबायला हवा. आणि वजन जुनं असेल तर त्याने हटून बसावं. चार महिन्यांपूर्वीच्या वजनावर आजची मात्रा काढणारं सॉफ्टवेअर आपली चूक सुबक अक्षरात छापून देतं. गेल्या भेटीला १२.५ किलो असलेल्या मुलाचं आज १.२५ लिहिलं गेलं, तर तिथेही त्याने ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारायला हवं.

पण इशाऱ्यांचाही अतिरेक होतो. दर औषधाला तीन खिडक्या उघडू लागल्या की डॉक्टर न वाचताच ‘ओके’ दाबतात, आणि खरा इशाराही त्यातच वाहून जातो.

संगणक आला की चुका आपोआप कमी होतात या समजाला धक्का देणारं एक प्रसिद्ध प्रकरण आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयात ऑक्टोबर २००२ मध्ये औषधांच्या ऑर्डर संगणकावरून देण्याची पद्धत अवघ्या सहा दिवसांत सगळीकडे लागू केली गेली. दुसऱ्या रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी २.८० टक्के होतं, ते नंतरच्या पाच महिन्यांत ६.५७ टक्के झालं. पूर्वी मूल रुग्णवाहिकेत असतानाच इकडे औषधं तयार ठेवली जात. नव्या पद्धतीत मूल पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत ऑर्डरच टाकता येईना. प्रत्येक ऑर्डरला क्लिक वाढले, माणसं खाटेपासून स्क्रीनकडे वळली. २००५ मध्ये हा अभ्यास छापून आल्यावर खळबळ माजली. पुढे सिएटलच्या बाल रुग्णालयाने त्याच कंपनीची प्रणाली वापरून मृत्यू वाढले नाहीत असं दाखवलं, आणि २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या बाल रुग्णालयात अशाच पद्धतीनंतर मृत्युदर वीस टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. फरक पडला तो कामाची घडी कशी बसवली त्यात. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात एवढं जीवघेणं काही घडणार नाही, पण जातकुळी तीच. नवं सॉफ्टवेअर सोमवारी सकाळी, साथीच्या दिवसांत सुरू करू नये. आधी नुसत्या लसी त्यात टाकाव्यात, हात बसला की मग चिठ्ठ्या.

दवाखान्याच्या व्यवस्थापनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फक्त लसीसाठी आलेलं निरोगी तान्हं बाळ आणि गोवराचा संशय असलेलं मूल एका बाकावर बसू नयेत, म्हणून वेळा वेगळ्या ठेवता येणं महत्त्वाचं. भावंडांना एका नंबरात घेता आलं पाहिजे. लसीचा साठा मात्र खरंच नीट ठेवायला हवा. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात, महागड्या असतात, आणि लवकर मुदत संपणारी कुपी आधी काढायची असते. मुलाच्या नोंदीत लसीच्या नावासोबत बॅच नंबर आपोआप गेला पाहिजे. उद्या एखादी बॅच परत मागवली गेली, तर ती कुणाकुणाला दिली याची यादी दोन मिनिटांत निघावी. कागदावर ती निघत नाही.

आता गोपनीयता. मुलाच्या वतीने संमती आई-बाप देतात. पण ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो? बाळाला घेऊन येते आजी, नंबर बाबांचा, आणि दोघं वेगळे राहत असतील तर प्रश्न नाजूक होतो. एका मुलाला एकापेक्षा जास्त पालक जोडता येणं आणि एकाचा प्रवेश थांबवता येणं, दोन्ही हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला बंदी आहे. हा नियम मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या. त्या नियमांत दवाखान्यांना उपचारापुरती सवलत दिली आहे, पण ती उपचारापुरतीच. म्हणून फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे मी जरा संशयानेच पाहते. लसीच्या आठवणीखाली बाळाच्या डब्यातल्या दुधाची जाहिरात आली, तर अर्भक दुग्धपर्याय आणि दूधबाटल्यांविषयीचा १९९२ चा कायदाही आड येतो. त्या कायद्याने अशा जाहिरातीला सरळ बंदी आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा मुद्दा वेगळाच. त्यांनी डॉक्टरांशी एकांतात बोललेलं सगळं संध्याकाळी वडिलांच्या ॲपमध्ये दिसू लागलं, तर पुढच्या वेळी ती बोलणार नाहीत.

नोंद एका दवाखान्यातून दुसरीकडे जावी यासाठी आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे. त्यातला चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याचा ओळख क्रमांक, ऐच्छिक असतो, आणि संमती दिली तरच नोंद पुढे जाते. दोन सॉफ्टवेअरना एकमेकांचं कळावं म्हणून लागणारे नमुने पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र तयार करतं. लसीकरणाच्या नोंदीसाठीही स्वतंत्र नमुना आहे. आपलं सॉफ्टवेअर तो वापरतं, की लसीचं कार्ड फोटो काढून पीडीएफ म्हणून पाठवतं, हे पाहावं. फोटो माणसाला वाचता येतो, पण पुढच्या दवाखान्यातल्या संगणकाला त्यातून देय लस काढता येत नाही.

राहिला टिकण्याचा प्रश्न. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवाव्यात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे. मुलांच्या बाबतीत ही तीन वर्षं अपुरी पडतात, कारण अल्पवयीन व्यक्तीला दावा करण्याची मुदत सज्ञान झाल्यापासून मोजली जाते. आज झालेल्या बाळाची नोंद वीसेक वर्षं सांभाळायची, तर तेवढी वर्षं ती सॉफ्टवेअर कंपनी राहील का, असं विचारणं भाग आहे. डॉक्टरांनी करारावर सही करण्याआधी सगळ्या मुलांची सगळी माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात एकदा प्रत्यक्ष बाहेर काढून पाहावी, आलेखाच्या ठिपक्यांसकट. आणि पालकांनी दर लसीनंतर तारीख, ब्रँड आणि बॅच नंबर असलेली यादी छापून मागून घ्यावी. शाळाप्रवेशाला, परदेशी शिक्षणाला किंवा नुसतं नाशिकहून ठाण्याला घर बदललं तरी ती लागतेच.